भासऱ्याच्या डोक्यावरची टोपली

शकुनबाईच्या तोंडून ताराचंदचं नाव कधी कोणी ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं? तो तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ. करडी गावाच्या पुढच्या एका खेड्यात, ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, मोहल्ल्यात, भासरा दिसला की बाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढायचा, तो बाजेवर बसला असेल तर आपण भुईवर बसायचं, त्याच्या अंगाला चुकून बोट लागलं तर आंघोळ करायची. आणि नाव तर जिभेवर आणायचंच नाही. शकुननं हे सगळं पाळलं. पण मनातल्या मनात ती ते नाव रोज घ्यायची. चूल पेटवताना घ्यायची, चूल विझवताना घ्यायची, आणि दर वेळी त्याच्यामागं एक सणसणीत शिवी जोडायची. देवाचं नाव कोणी इतक्या नेमानं घेतलं असतं तर त्याला एव्हाना मोक्ष मिळाला असता.

बाई वाईट होती म्हणता? आधी ऐका तर खरं, मग काय ते बोला.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. शकुनचा नवरा मंगरू वारून तेव्हा वर्ष होत आलं होतं. ताराचंद मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष होता, आजही आहे, खुर्ची त्याच्या बुडाला चिकटलीच म्हणा ना. त्या साली त्यानं हावरेपणा केला. तलावात बोटुकल्या, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, दुप्पट सोडल्या. म्हाताऱ्यांनी सांगून पाहिलं, "नोको गा ताराचंद, उन्हाळ्यात पाणी पुरणार नाही." ऐकतो तो कसला! वैशाखात पाणी आटत आटत गुडघ्यावर आलं, तापलं, आणि एका सकाळी सगळा तलाव पांढरा दिसायला लागला. रोहू, कतला, मिरगल, सगळे पोट वर करून तरंगत होते. वर्षाची कमाई सडली. माणसं चिडून ताराचंदच्या दारात जमली.

आता अध्यक्षानं काय करावं? माझी चूक झाली म्हणावं? छे! ताराचंदनं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मंगरूच्या बायकोनं काल सकाळी तलावात काहीतरी टाकलं. लिंबू होता, कुंकू होता. मी माह्या डोळ्यानं पायलं."

टाकलं होतं तिनं. मंगरूच्या वर्षश्राद्धाचं निर्माल्य होतं ते. हळद, कुंकू, पानं, फुलं आणि पूजेतला एक लिंबू. ताराचंदलाही ते ठाऊक होतं, कारण त्या श्राद्धाला पहिल्या पंगतीत तोच तर जेवला होता.

पण लोकांना कोणीतरी हवंच होतं. "जादूवाली" हा शब्द संध्याकाळपर्यंत मोहल्लाभर झाला. शेजारची ललिताबाई रोज शकुनकडून विस्तव न्यायची, तिनं सगळ्यांच्या आधी दार लावून घेतलं. सिहोऱ्याच्या पाव्हण्यांनी ज्योत्सनाची ठरलेली सोयरीक मोडली. शकुनची एकुलती एक पोर, हातावर मेंदी चढायच्या आधीच घरी बसली, ती आजही शिलाई मशीन चालवत घरीच आहे. आणि मासे? दुसऱ्या दिवशी शकुन टोपली डोक्यावर घेऊन गल्लीतून ओरडत गेली, "मासे घ्या वो, मासे!" तशी पुढची पुढची दारं बंद होत गेली. जादूवालीच्या हातचा मासा कोण खाणार? भरली टोपली तशीच परत आली. शेवटी कावळ्यांनी खाल्ले ते मासे. कायदा आहे म्हणतात असल्या आरोपांच्या विरुद्ध, असेल बापा. पण कायदा काही दारात येऊन मासे घेत नाही. शकुन तेव्हापासून आंधळगावच्या बाजारात, जिथं तिला कोणी ओळखत नव्हतं तिथं, मासे विकायला जाऊ लागली.

त्या दिवशी रिकामी टोपली धुताना तिनं एक गोष्ट मनाशी पक्की केली. हीच टोपली ताराचंदच्या डोक्यावर चढवीन, ह्याच गल्लीतून फिरवीन आणि त्याच्याच तोंडून खरं काय ते गावाला ऐकवीन. त्याशिवाय मरणार नाही. कशी चढवणार ते तिलाही माहीत नव्हतं. भासऱ्याशी तर बोलायचीसुद्धा चोरी.

आणि मग यंदा, आषाढात, ती वाट आपसूक उघडली.

आखाडीच्या सणाचा दिवस होता. गाव निंबाखाली गावदेवी मातामायच्या देवळापाशी जमलं होतं. शकुन नेहमीसारखी सगळ्यांच्या मागं, गटाराच्या काठावर उभी. पुढं उभं राहायची तिला मुभा नव्हती. चारआठ दिवसांपासून तिला काहीतरी होत होतं. खाटेवर उजव्या कुशीला वळलं की घर गरकन फिरायचं, मग आपोआप थांबायचं. अशक्तपणा असेल म्हणून तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. तर झालं काय, पुजाऱ्यानं देवळावर नवा झेंडा चढवला आणि सगळ्यांबरोबर तिनंही मान मागं टाकून वर पाहिलं. निंब फिरलं, आभाळ फिरलं, झेंडा फिरला. तिनं धरायला हात पसरले ते हवेत राहिले आणि ती धाडकन खाली बसली.

लोक मागं वळले. ललिताबाई जवळ होती, तिनं शकुनच्या तोंडाकडं पाहिलं आणि किंचाळली, "वो माय! डोळे पाहा हिचे!"

शकुनचे डोळे नाचत होते. बुबुळं एका बाजूला सरकायची आणि झटक्यानं परत यायची, पुन्हा सरकायची, पुन्हा परत. असं काही गावानं कधी पाहिलं नव्हतं. अंगात येणाऱ्या बाया गावात ढिगानं होत्या, केस मोकळे सोडून घुमायच्या, त्यातल्या निम्म्या सासूला दोन शब्द सुनवायला घुमतात हे सगळ्यांना माहीत होतं. पण डोळ्यांचं ढोंग कोण करणार? क्षणात कोणीतरी ओरडलं, "मातामाय आली! शकुनच्या अंगात माय आली!" कोणी कुंकू लावलं, कोणी पाय धुतले. ललिताबाईनं तर लोटांगणच घातलं. "बोल माय, काहून आली? काय पाह्यजे?"

शकुनला ओकारी येत होती. जीव घाबरा झाला होता. तिच्या तोंडून जेमतेम निघालं, "पाणी..."

पाच तांबे पुढं आले. पाच घरचे. ज्या घरांनी बारा वर्षं तिच्या हातचं पाणी बाटलं म्हणून ओतून दिलं होतं, त्यांचेच तांबे. शकुननं डोळे मिटून एकेका तांब्यातलं पाणी घेतलं. फिरणं तेवढ्यात थांबलं होतं. पण डोळे तिनं उघडले नाहीत. तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं होतं.

तिथून पुढं दर मंगळवारी तिच्या दारात माणसं यायला लागली. नारळ आले, खण आले. शकुननं हळूहळू आपल्या चकरेचा स्वभाव ओळखला. मान उजवीकडं वळवून मागं टाकली की फिरतं. मिनिटभरही चालत नाही, आपोआप शमतं. लागोपाठ दुसऱ्यांदा केलं तर जोर कमी होतो, म्हणून एका दिवशी एकदाच करायचं. आणि बोलायचं ते भोवरा थांबल्यावर, डोळे मिटून, कारण डोळे एकदा लोकांनी पाहिले की मग पुढचं सगळं खरंच असतं. हे कोणी शिकवलं नाही. बारा वर्षं जिला एकच गोष्ट करायची असते तिला बाकीचं सुचत जातं.

मायच्या तोंडून ती कोणाचं वाईट बोलली नाही. लहानसहान बोलायची. सुनेला जेवू घाल, बापाला दवाखान्यात ने, असलं काहीबाही. दाताला धार ती लावून ठेवत होती ती भासऱ्यासाठी. पण तो काही येईना. ताराचंद चावडीवर म्हणायचा, "ढोंगी आहे बाई." म्हणायचा खरं, पण आता जरा हळू आवाजात.

नवरात्र जवळ आलं. नवरात्रात मातामायच्या ज्योतीचा मान ताराचंदच्या घराण्याचा. नऊ दिवस उपास धरायचा, ज्योत तेवत ठेवायची आणि नवमीला सगळ्या गावासमोर घट तलावावर न्यायचे. म्हणजे नवमीला तो गावासमोर असणार, आणि मायचा मानकरी मायला नाही म्हणू शकणार नाही. शकुननं दिवस धरला.

आणि त्याच हप्त्यात ती भाताचा गरम गंज, म्हणजे पातेलं, घेऊन चकरेनं उंबऱ्यावर आदळली.

ज्योत्सनाचं टाळकं सरकलं. "आई, खरं सांग. हे ढोंग आहे का?"

"ढोंग कायचं? खरंच फिरते वो मले."

"मग बिमारी आहे. बस झाली देवी. चल दवाखान्यात."

आंधळगावला दीपमाला मॅडमचा दवाखाना आहे. मॅडम वयानं लहान, तोंडानं तिखट. त्या दिवशी बाकावर निम्मी माणसं चकरेचीच बसली होती, आणि प्रत्येकाला आपल्या चकरेचं कारण आधीच माहीत होतं. एका म्हाताऱ्याचा गॅस डोक्यात चढत होता. गळ्यात पट्टा घातलेले गुरुजी मानेच्या मणक्यावर ठाम होते. धानाच्या निंदणीहून आलेली एक फिकट पोरगी म्हणत होती की तिला नजर लागली, तिच्याकडं पाहूनच कळत होतं की अंगात रक्त नाही. आणि मॅडम प्रत्येकाला तोच एक प्रश्न विचारून हैराण करत होत्या. "चक्कर म्हणजे नेमकं काय होतं? घर गोल फिरतं, का डोळ्यापुढं अंधारी येते, का चालताना तोल जातो?"

"चक्कर म्हणजे चक्कर, मॅडम!" गुरुजी चिडून म्हणाले.

"नाही गुरुजी. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हीची औषधं वेगळी."

मधे नुसता एक पडदा होता. गुरुजी बाहेर आले, दुसरं कोणीतरी मागच्या दारानं आत गेलं, आणि पडद्याआडून जो खाकरण्याचा आवाज आला तो ऐकून शकुनचा हात आपोआप पदराकडं गेला. भासरा! मागच्या दारानं आला होता, कारण अध्यक्षाला दुखणं असतं हे गावाला कळू नये.

"बसल्यावरचं बीपी ठीक आहे, उभं राहिलं की धपकन खाली जातं," मॅडम म्हणत होत्या. "म्हणून अंधारी येते. गोळी मी कमी करून देते. आणि उपास धरायचा नाही."

"नवरात्र आहे मॅडम. मी ज्योतीचा मानकरी."

"मानकरी असा नाहीतर आणखी कोणी असा. पोटात अन्नपाणी नाही, वरून बीपीची गोळी, वरून ऊन. बसून झटक्यात उठलात की पडाल, लिहून ठेवा. पडलात तर आडवं करून पाय वर करायला सांगा लोकांना. उभं करायचं नाही. उभं केलं तर जिवावर बेतेल."

"हो हो," ताराचंद म्हणाला. ते हो कसलं आहे हे बाहेर बसलेल्या शकुनला बरोबर कळलं. उपास तो सोडणार नव्हता. ती पडद्याकडं बघत राहिली आणि बघता बघता तिच्या ओठांवर हसू आलं. ज्योत्सनानं विचारलं, "काहून हासून राहिली?" तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

तिची पाळी आली. मॅडमनी तिला टेबलावर बसवलं, डोकं दोन्ही हातांत धरलं, उजवीकडं वळवलं आणि झटक्यात मागं निजवलं. छत फिरलं. शकुननं मॅडमचं मनगट घट्ट धरलं. मॅडम तिच्या डोळ्यांत वाकून पाहत होत्या, आणि लोटांगण घालायच्या ऐवजी म्हणाल्या, "अरे वा. सापडलं."

मग त्यांनी सांगितलं. कानाच्या आत तोल सांभाळायची जागा असते. तिथं वाळूच्या कणासारखे बारीक खडे असतात. ते जागचे हलले की डोकं वळवल्यावर घर फिरतं. "सगळ्यांत जास्त दिसणारी चक्कर हीच. गोळीचं कामच नाही. मी मान चारदा वळवते, खडे जागेवर जातात. पाच मिनिटांत घरी."

"आत्ता?" शकुन दचकून उठून बसली.

"आत्ताच."

"नोको!" ती टेबलावरून खाली उतरली, खडे कोणी हिसकावून घेईल अशा भीतीनं कानावर हात ठेवून. "नवरात्र होऊ द्या. दसरा झाल्यावर येतो."

मॅडमनी पुष्कळ समजावलं, ज्योत्सनानं डोळे वटारले. शकुन हलली नाही. मॅडमनी पहिल्यांदाच असा पेशंट पाहिला होता, ज्याला आपली चक्कर पाहिजे होती. "तलावावर जाऊ नका, उंच चढू नका," एवढं सांगून त्यांनी हात टेकले.

नवमीला ऊन असं तापलं होतं की तलावाच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, माती चटके देत होती. घट घेतलेल्या बाया, ढोल, झांजा, मागं सारं गाव. पुढं ताराचंद, पांढरं धोतर, नऊ दिवसांच्या उपासानं गाल आत गेलेले, हातात ज्योत. पाळीवर पोचल्यावर त्यानं ज्योत खाली ठेवली. शकुन गर्दीतून पुढं आली. आता तिला पुढं यायला कोणी अडवत नव्हतं. तिनं मान उजवीकडं वळवली आणि आभाळाकडं टाकली.

फिरलं! तलाव आभाळात गेला, आभाळ पायाखाली आलं. ढोल थांबले. "आली, माय आली!" लोक पाळीवर पटापट बसले. शकुन ज्योत्सनाच्या खांद्याला धरून उभी राहिली, भोवरा थांबू दिला, आणि डोळे मिटून, बारा वर्षं जिभेखाली दाबून धरलेलं नाव बाहेर काढलं.

"ए ताराचंद!"

काय सांगावं तिला काय वाटलं ते! पाण्यात बुडी मारून राहिलेल्या माणसानं वर येऊन श्वास घ्यावा, तसं वाटलं. सगळं गाव ऐकत होतं. भासऱ्याला अरे-तुरे!

"ये इकडं. बस माह्या पायाशी."

ताराचंदनं इकडंतिकडं पाहिलं. कुठं पळणार? तो आला आणि बसला.

"डोकं खाली घाल. आणखी खाली." शकुननं त्याला बसवून ठेवलं. उन्हात, मान घालून, बराच वेळ. "माह्या लेकराची, शकुनची, भरली टोपली तू वापस पाठवली. आठवते?"

"माय, मी... चुकलं असन काही..."

"असन नाही. चुकलं. टोपली आणा!" ज्योत्सनानं नाइलाजानं आणलेली बांबूची जुनी टोपली पुढं आली. मासळीचा वास बारा वर्षांनीही तिच्यातून गेला नव्हता. "ही डोक्यावर घे आणि मोहल्ला फिर. ओरडत फिर. ऊठ! झटक्यात ऊठ!"

त्यानं टोपली डोक्यावर घेतली आणि उठला. मॅडमनी सांगितलं होतं अगदी तसंच झालं. गुडघे सरळ झाले, तोंड पांढरंफटक पडलं, टोपली आधी घरंगळली आणि मागून ताराचंद मुळासकट उपटलेल्या झाडासारखा कोसळला. कपाळ पाळीच्या दगडावर आपटलं. रक्ताची धार लागली. तो हलेना.

शकुननं डोळे उघडले. पहिल्या क्षणी तिला आनंदच झाला, उगाच खोटं कशाला बोला. पड मेल्या! मीही अशीच पडली होती. आता पाहू कोण उचलते तुले.

कोणीच उचलेना. एक पाऊल मागं, दोन पावलं मागं, गाव सरकत गेलं. मायचा कोप ज्याच्यावर झाला त्याला हात कोण लावणार? त्याचे स्वतःचे पुतणे घट घेतलेल्या बायांआड लपले. मग दोघा-तिघांनी बिचकत बिचकत त्याच्या काखेत हात घातले, उभं करायला. आणि त्या शांततेत ललिताबाईचा आवाज शकुनला स्पष्ट ऐकू आला.

"माय कायची! मी तवाच म्हटलं होतं. जादूवाली आहे. बोलली आणि माणूस पाडला."

शब्द गर्दीतून पसरत गेला. शकुननं लोकांच्या डोळ्यांत पाहिलं. तेच डोळे. बारा वर्षांपूर्वी दारं लावताना जे होते तेच. ती इथं जादूवाली हा शब्द पुसून टाकायला आली होती, आणि आपल्याच हातानं तिनं तो आपल्या कपाळावर पुन्हा कोरला होता. हा आता मेला तर ज्योत्सना जन्मभर जादूवालीची पोरगी राहणार.

"उभं नोका करू त्याले!" ती ओरडली. हा आवाज मायचा नव्हता. "सोडा! आडवा करा!"

माणसं हात काढून पळाली. शकुन खाली बसली. क्षणभर तिचा हात पदराकडं गेला, सवयीनं. मग तिनं पदर कंबरेला खोचला, भासऱ्याचे दोन्ही पाय आपल्या हातांनी उचलले आणि मांडीवर घेतले. बाया हाय हाय करून उठल्या. भासऱ्याला शिवली! शकुननं तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. पदराचं टोक फाडून ज्योत्सनाला त्याचं कपाळ दाबून धरायला लावलं, एका बाईच्या हातातला पंखा हिसकावून वारा घातला.

"आयका सगळे," ती म्हणाली. "माह्या अंगात कोणी आलं नाही. माह्या कानातले खडे हालले आहेत, मॅडमनं पायले. यानं बीपीची गोळी खाऊन नऊ दिवस उपास धरला, म्हणून पडला. डॉक्टर त्याले नाही म्हणून राहिली होती. मी बाहेर बसून आयकलं. मले माहीत होतं पडन म्हणून, मुद्दाम उठवलं. आता काय करायचं ते करा माहं."

कोणी काही केलं नाही. सगळे ताराचंदच्या तोंडाकडं पाहत राहिले. थोड्या वेळानं त्या तोंडावर रंग आला. पापण्या हलल्या. त्यानं डोळे उघडले तर समोर आभाळ आणि शकुनचं उघडं डोकं. त्यानं उठायचा प्रयत्न केला.

"पडून राह्य," शकुन म्हणाली. दोन घोट पाणी त्याच्या तोंडात घातलं. मग त्याच्यावर वाकली. "सांग आता. ताराचंद, तुले कोन वाचवलं?"

ह्या वेळी नाव तिनं स्वतःच्या तोंडानं घेतलं होतं. सगळ्यांना ते कळलं.

"तू," तो पुटपुटला.

"जादूनं का हातानं?"

त्यानं तोंड फिरवलं. त्याचे पाय तिच्या मांडीवर होते, आणि तिनं ते सोडले नव्हते.

"जादूनं का हातानं? लोकायले आयकू जाऊ दे."

"हातानं," ताराचंद म्हणाला.

"आणि तलावातले मासे? ते कायनं मेले?"

त्यानं डोळे मिटून घेतले. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "पाणी आटलं होतं. बोटुकल्या मीच जास्तीच्या सोडल्या होत्या. तिनं श्राद्धाचं टाकलं होतं. मले माहीत होतं."

शकुननं त्याचे पाय हळूच खाली ठेवले. उठली, ज्योत्सनाचा हात धरला आणि घरी गेली. घट कोणी विसर्जन केले ते तिनं पाहिलं नाही.

दसरा झाल्यावर ती आंधळगावला गेली. मॅडमनी मान चारदा वळवली, शेवटचं एकदा छत फिरलं आणि जागेवर बसलं. येताना शकुननं बसथांब्यावर मान मागं टाकून आभाळ पाहून घेतलं. आभाळ जिथल्या तिथं होतं.

आता झालं ते झालं, सोडून द्यायचं होतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. शकुन त्यातली नव्हती. ताराचंदची जखम भरू दिली तिनं, त्याला पोटभर जेवू दिलं, मॅडमनी नवी गोळी लावून दिली तेही होऊ दिलं. मग एका सकाळी तलावावरून ताजे रोहू आणि मरळ भरून टोपली घेऊन ती त्याच्या दारात उभी राहिली. काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. माय नव्हती, कोप नव्हता, कोणाची जबरदस्ती नव्हती. ताराचंद बाहेर आला. त्यानं टोपलीकडं पाहिलं, गल्लीत जमलेल्या लोकांकडं पाहिलं. मग डोक्यावर चुंबळ ठेवली आणि खाली वाकला. शकुननं आणि ज्योत्सनानं दोन्हीकडून टोपली धरून त्याच्या डोक्यावर चढवली.

तो पुढं आणि शकुन मागं, डोक्यावर पदर नीट ओढून, भासऱ्यामागं चालावं तशी. ललिताबाई दारातच होती. दार लावावं का उघडं ठेवावं ते तिला सुचत नव्हतं. ताराचंदच्या घशातून आवाज फुटेना. ओठ हलले, पण "मासे घ्या वो" काही बाहेर आलं नाही.

"आवाज काढा, भासरे," शकुन मागून अदबीनं म्हणाली. "लोकायले आयकू येऊन नाही राहिलं."